विमानतळावरील झडती कशासाठी?

बिरसी विमानतळावरून मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमान उडाले आणि परदेशाची वाट आपल्या गोंदिया जिल्ह्यालाही थोडी जवळची वाटू लागली. परंतु झडतीच्या वेळी पिशवीतून लॅपटॉप बाहेर काढायला सांगितले, की नवखा माणूस ओशाळतो. 'मी काय चोर आहे?' असे त्याच्या मनात येते.

या नियमांमागे मोठी किंमत मोजलेली आहे. २३ जून १९८५ रोजी जपानच्या नारिता विमानतळावर सामानातील रेडिओ ट्यूनरमध्ये दडवलेला बॉम्ब फुटून दोन कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर तासाभराच्या आतच एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान सामानातील बॉम्बमुळे आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले. ३२९ जीव गेले.

क्ष-किरणांच्या चित्रात लॅपटॉपची बॅटरी दाट दिसते व तिच्याआड दुसरी वस्तू लपू शकते. म्हणून बहुतेक ठिकाणी तो वेगळा ठेवावा लागतो. कधी सुरू करूनही दाखवावा लागतो. तेव्हा तो चार्ज करूनच न्यावा. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच ठेवावी, कारण विमानाच्या पोटातील सामानात ती पेटली तर विझवायला तेथे कोणी नसते.

तेव्हा झडतीचा राग मानू नये. आपल्या मागे रांगेत उभ्या असलेल्यांचा जीवही तिच्यावरच अवलंबून असतो.