दहावीच्या मुलाला कोणते टॉनिक द्यावे?

दिवाळीची सुट्टी संपली की दवाखान्यात एक ठरावीक जोडी दिसू लागते. आई मुलाला पुढे करते आणि म्हणते, "डॉक्टर, याचं खाण्यात लक्ष नाही, सकाळी उठता उठत नाही, घरात कुणाशी धड बोलत नाही. दहावीचं वर्ष आहे, एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या." मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत असतो.

तपासल्यावर बहुतेक वेळा टॉनिकची गरज नसते असेच आढळते.

झोपेचेच पाहा. वयात येताना झोप येण्याची नैसर्गिक वेळ तास-दोन तास पुढे सरकते. हा आळस नव्हे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. रात्री साडेअकराला झोपलेल्या मुलाला पहाटे चारला अभ्यासाला उठवले, तर हिशेब साडेचार तासांवर येतो. वाचलेले डोक्यात पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. म्हणून रात्री दहाला टीव्ही बंद करावा आणि मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवावेत. वडिलांचासुद्धा!

मुलींबाबत वेगळी काळजी हवी. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. थकवा, धाप, अभ्यासात लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. पालेभाजी, कडधान्ये द्यावीत, त्यावर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा देऊ नये. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. शौचास काळे होते म्हणून मुली ती टाकून देतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे आईनेच सांगावे. गोळी जेवणानंतर घेतली म्हणजे मळमळही कमी होते.

आता बोलण्याविषयी. मूल दारात चप्पल काढत असतानाच "किती मार्क पडले?" असे विचारले, तर ते उद्यापासून गप्पच राहणार. समोर बसवून चौकशी केल्यासही हेच होते. शेंगा सोलताना, स्कूटरवर मागे बसल्यावर, बाजारातून पिशव्या आणताना मुले आपणहून बोलतात, कारण तेव्हा कोणी चेहऱ्याकडे पाहत नसते. तेव्हा ऐकून घ्यावे. उपदेश लगेच सुरू करू नये. शाबासकीही नेमकी द्यावी. "हुशार आहेस" यापेक्षा "ते गणित तीनदा चुकलं तरी सोडलं नाहीस" हे मुलाला अधिक पटते. मामाच्या मुलीचे टक्के मात्र मध्ये आणू नयेत. आणि वडील रागाच्या भरात जास्त बोलले असतील, तर "काल माझं चुकलं" असे त्यांनी एकदा म्हणून पाहावे. मुले ते फार दिवस लक्षात ठेवतात.

पण सगळेच गप्प बसणे वयाचे नसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, मित्रांना टाळणे, झोप-भूक बिघडणे असे दिसले, तर डॉक्टरांना दाखवावे. "मी नसतो तर बरं झालं असतं" असे मुलाच्या तोंडून निघाले, तर ते नाटक समजू नये. मुलाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार येतो का, असे शांतपणे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाचे मन मोकळे होते. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. घरातल्या कॅलेंडरवर तो लिहून ठेवावा.