डिजिटल सही अडली तर...

इंजिनीअरिंगला अ‍ॅडमिशन घेतली, की सगळ्या गोतावळ्यासाठी आपण 'कॉम्प्युटरवाले' होतो. ब्रँच सिव्हिल असली तरी! मग कांजूर-भांडुपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला ओळखीचा गाळेवाला असो, नाहीतर गावचा कॉन्ट्रॅक्टर काका, फोन ठरलेला : "अरे, टेंडरची उद्या शेवटची तारीख आहे आणि ही डिजिटल सही चालतच नाही. बघ ना जरा!" अशा वेळी काय बघायचं, आणि मुख्य म्हणजे काय दाबायचं नाही, ते आज पाहू.

या सहीला मान्यता दिली माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने. सरकारी कंट्रोलर म्हणजे सीसीए ज्यांना लायसन्स देतात, त्या संस्था माणसाची ओळख तपासून सर्टिफिकेट देतात. किल्ल्या दोन असतात. पब्लिक की सर्टिफिकेटात असते, ती कोणीही बघावी. प्रायव्हेट की मात्र यूएसबी टोकनच्या आत असते, तिची कॉपी काढता येत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे बरं का!

आता क्रमाने बघू.

१. टोकन ओळखलं जातंय का? प्रत्येक कंपनीच्या टोकनचा ड्रायव्हर वेगळा. पोर्ट बदलून बघा, योग्य ड्रायव्हर टाका, मशीन रीस्टार्ट करा.

२. विंडोजच्या इंटरनेट ऑप्शन्समध्ये 'कंटेंट' टॅबखाली 'सर्टिफिकेट्स' उघडा. 'पर्सनल'मध्ये काकांचं नाव दिसतं का? मुदत संपली आहे का? कॉम्प्युटरची तारीख चुकलेली असेल, तर चांगलं सर्टिफिकेटही 'एक्स्पायर्ड' दिसतं!

३. सर्टिफिकेट आहे, पण त्यावर विश्वास नाही असा मेसेज येतो? मग सीसीएचं रूट सर्टिफिकेट मशीनवर नसेल. ते सीसीएच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.

४. हे सगळं ठीक, तरी पोर्टल ऐकत नाही? पूर्वी ब्राउझरमध्ये जावा अ‍ॅपलेट चालायचं. आता बऱ्याच पोर्टल्सना आपापला वेगळा साइनर प्रोग्रॅम लागतो, तो चालू आहे ना बघा. आणि सर्टिफिकेट नवीन काढलं असेल, तर ते पोर्टलवर पुन्हा रजिस्टर करावं लागतं. हे हमखास विसरलं जातं.

आता काय करायचं नाही. टोकनचा पिन म्हणजे पोर्टलचा पासवर्ड नव्हे. अंदाजाने पिन मारत बसू नका, थोड्याच चुकांनंतर टोकन लॉक होतं. आणि वैतागून 'इनिशियलाइज' तर कधीच दाबू नका. त्याने पिन नवा मिळतो खरा, पण आतली प्रायव्हेट की पुसली जाते. मग नवीन सर्टिफिकेट काढण्यावाचून इलाज नाही, आणि टेंडरची तारीख काही कोणासाठी थांबत नाही.

शेवटचं. काका प्रेमाने म्हणतील, "पिन लिहून घे, टोकन तुझ्याकडेच राहू दे." नम्रपणे नाही म्हणा. प्रायव्हेट की आपल्याच ताब्यात राहील याची काळजी घेण्याची जबाबदारी कायद्याच्या कलम ४२ नुसार सर्टिफिकेटधारकाची आहे. पिन त्यांनाच टाकू द्या. आपण मशीन दुरुस्त करावं, सही ज्याची त्याने करावी!