नियम पाळणारा का हरतो?

19 जून 2005 रोजी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या मैदानावर वीस मोटारी रांगेत लागल्या आणि प्रत्यक्ष शर्यत फक्त सहा मोटारींची झाली. शुक्रवारच्या सरावात तेराव्या वळणावर राल्फ शूमाखरच्या टोयोटाचा टायर फुटून ती भिंतीवर आदळली. त्यानंतर टायर पुरवणाऱ्या मिशेलिन कंपनीनेच कबूल केले की, हे टायर त्या कलत्या वळणावर पूर्ण वेगात टिकतील याची हमी देता येणार नाही. मिशेलिन वापरणाऱ्या सात संघांनी मागणी केली की, वळणाच्या आधी एक तात्पुरता नागमोडी अडथळा घाला, म्हणजे सगळ्यांचाच वेग कमी होईल. नियामक संस्थेने नकार दिला. फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी हे तीन संघ ब्रिजस्टोनचे योग्य टायर घेऊन आले होते. दुसऱ्यांच्या चुकीसाठी ऐनवेळी रस्ता बदलला तर तो या तिघांवर अन्याय ठरेल, अशी संस्थेची भूमिका होती. चौदा मोटारी तयारीची फेरी मारून माघारी गेल्या. उरलेल्या सहांत जॉर्डनचा नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये भारतीय चालकाच्या नावावर असलेले गुण एवढेच.

हा प्रसंग निलंग्याच्या वाचकाला दूरचा वाटेल. पण नियामकांपुढे त्या दिवशी जो पेच होता, तोच गेली दहा-बारा वर्षे महाराष्ट्राच्या बैलगाडा शर्यतींपुढे आहे. जीव वाचवणारा नियम केला की कोणाचा तरी डाव बिघडतो. मग बिघडलेल्या डावाची तक्रार आणि जिवाची काळजी एकमेकांविरुद्ध उभ्या केल्या जातात. एका बाजूला प्राणिप्रेमी, दुसऱ्या बाजूला गाडामालक, आणि मध्ये न्यायालय. माझ्या मते ही मांडणीच फसवी आहे. सुरक्षिततेचा नियम आणि शर्यतीतला न्याय यांचे वैर नाही. वैर निर्माण होते ते नियम मोडल्याचा शर्यतीच्या निकालावर काहीच परिणाम होत नाही तेव्हा. असा नियम जिवाचे रक्षणही करत नाही आणि प्रामाणिक माणसाला हरवतो.

आधी आपल्याकडचा इतिहास. जुलै 2011 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या यादीत बैलाची भर घातली. खेळ आणि प्रदर्शनासाठी हे प्राणी वापरण्यास मनाई झाली. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ए. नागराजा खटल्यात तमिळनाडूतल्या जल्लीकट्टू या बैलांच्या खेळासोबत बैलगाडा शर्यतीही बेकायदा ठरवल्या. बैलाच्या शरीराची ठेवण धावण्याच्या स्पर्धेसाठी नाही, त्याला पळवायचे तर वेदना आणि भीती यांचाच आधार घ्यावा लागतो, असा त्या निकालाचा गाभा होता. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि नियमावली आणली, पण मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या रोखल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. मधल्या बंदीच्या काळात शर्यती थांबल्या नव्हत्या. त्या पहाटे, आडरानात, चोरून होत होत्या आणि पोलीस गुन्हे नोंदवत होते. अशा चोरट्या मैदानावर पशुवैद्य कसा असणार? बंदीचे समर्थन करणाऱ्यांनी या प्रश्नाकडे पुरेसे पाहिले नाही, असे मला वाटते.

आता जी नियमावली आहे ती कागदावर कडक आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम, बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला, धावेच्या लांबीवर एक हजार मीटरची मर्यादा, आणि मुख्य म्हणजे काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना पूर्ण मनाई. क्रूरता झाली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. शिक्षा जबर आहे, पण ती शर्यतीच्या बाहेरची आहे. पोलीस ठाणे, पंचनामा, तारखा. दोन जोड्या बरोबरीने निघाल्या, एका धुरकऱ्याने, म्हणजे गाडा हाकणाऱ्याने, हात आवरला, दुसऱ्याने टोचणीचा खिळा बैलाच्या पुठ्ठ्यात घातला आणि अर्ध्या सेकंदाने पुढे गेला, तर त्या क्षणी पंच काय करतो? बहुतेक वेळा तो घड्याळ पाहतो. ज्याची वेळ कमी, त्याचा गुलाल. पुढे गुन्हा नोंदला गेलाच तरी बक्षीस वाटून झालेले असते. गावच्या यात्रेत, आपल्याच भावकीतल्या माणसाविरुद्ध तीन वर्षांच्या कैदेची फिर्याद द्यायला कोण पुढे येईल? शिक्षा जितकी अवजड, तितकी ती वापरण्याची शक्यता कमी. लहान, तत्काळ आणि निकालाला भिडणारी शिक्षा नियमावलीच्या केंद्रस्थानी नाही, हीच तिची उणीव.

या बाबतीत ब्रिटनच्या घोड्यांच्या शर्यतींचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तिथे जॉकीने चाबूक किती वेळा वापरावा याची मर्यादा अनेक वर्षे होती. ती ओलांडली तर जॉकीला बंदी आणि दंड होई, पण घोड्याने जिंकलेली शर्यत जिंकलेलीच राही. हिशेब सरळ होता: मोठ्या बक्षिसाच्या शर्यतीत दोन फटके जास्त मारून काही दिवस घरी बसणे परवडत असे. 2023 मध्ये नियम बदलला. सपाट धावेत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात ही मर्यादा ठरली, आणि ती चार किंवा त्याहून अधिक फटक्यांनी ओलांडली तर घोडाच बाद. घोडा बाद झाला की बक्षीस जाते, आणि बक्षीस गेले की मालकच जॉकीला हात आवरायला सांगतो. प्राण्याच्या रक्षणाचे काम असे मालकाच्या स्वार्थाकडेच सोपवले गेले. आपल्याकडे बक्षिसांचा आकार वाढत चालला आहे. दुचाकीवरून ट्रॅक्टर, बोलेरो, थार, अगदी जेसीबीपर्यंत मजल गेली आहे. मालकाचा स्वार्थ त्यामुळे आज बैलाच्या विरोधात काम करतो. ‘काठी दिसली की गाडा बाद’ एवढी एक ओळ पंचांनी पाळली तर तोच स्वार्थ दिशा बदलेल.

गाडामालकांची एक जुनी तक्रार इथे आठवते: महालक्ष्मीच्या मैदानावर घोडे धावतात, तिथे श्रीमंतांची हौस चालते, आणि शेतकऱ्याच्या बैलावर मात्र बंदी. या तक्रारीत तथ्य आहे. घोड्यांच्या शर्यतीत प्राणी जखमी होत नाहीत असे कोणी म्हणू शकत नाही. पण तिथे पैजेच्या पैशापोटी का होईना, स्टुअर्ड नावाचे स्वतंत्र पंचमंडळ असते, उत्तेजक द्रव्याची चाचणी असते, धावेचे चित्रण तपासले जाते, आणि निकाल जाहीर झाल्यावरही फिरवता येतो. बैलगाड्यांच्या संघटनांनी घोड्यांशी बरोबरी मागायची असेल, तर मोकळीकीबरोबर ही शिस्तही मागायला हवी.

मोटारींच्या जगात परत जाऊ, कारण सुरक्षिततेचा नियम स्पर्धा कशी हलवतो हे तिथे आकड्यांत दिसते. 30 जून 2013 रोजी सिल्व्हरस्टोन येथे एकामागून एक टायर फाटले. पिरेलीने हंगामाच्या मध्यातच टायरची बांधणी बदलली. तोपर्यंत मॅक्लारेनच्या पुढे असलेला, भारतीय मालकीचा फोर्स इंडिया संघ त्यानंतर मागे पडला. सेबास्टियन वेटेलने मात्र बेल्जियमपासून सलग नऊ शर्यती जिंकल्या. कुरकुर झाली, पण बदल टिकला. 2018 मध्ये चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाचे टायटॅनियमचे कडे सक्तीचे झाले. दिसायला बेढब, शर्यतीचा आत्माच हरवला, असे चालकांपैकीही काही म्हणाले. नोव्हेंबर 2020 मध्ये बहारीनला रोमाँ ग्रोजाँची मोटार लोखंडी कठडा फाडून पेटली आणि तो स्वतः बाहेर चालत आला. ती टीका तिथेच थांबली. मला या कथेतला कमी सांगितला जाणारा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. हेलोमुळे मोटारीचे वजन वाढले, एकूण वजनाचा हिशेब घट्ट झाला आणि उंच, भारी चालकांचे नुकसान झाले. वजन उतरवण्याचा त्यांच्यावरचा ताण वाढला. म्हणजे एका जिवाच्या रक्षणाने दुसरा धोका वाढवला. 2019 मध्ये चालक आणि आसन मिळून किमान 80 किलोची वेगळी अट आली. हलक्या चालकाने उरलेले वजन आसनाजवळच भरायचे, म्हणजे हलकेपणाचा फायदा संपला. सुरक्षिततेचा नियम मागे घेतला गेला नाही. त्याने बिघडवलेला समतोल दुसऱ्या नियमाने सावरला.

हे सावरण्याचे काम आपल्याकडे कोणी हाती घेतलेले नाही. लातूर-नांदेडकडे पाहा. निलंग्याशेजारच्या देवणीचे नाव धारण करणारा देवणी गोवंश, त्याचे वानेरा, बालंक्या, शेवरा हे प्रकार, आणि कंधारचा लालकंधारी, हे बैल मेहनतीच्या कामासाठी घडलेले. शर्यतीच्या मैदानावर मात्र खिल्लारचे राज्य आहे: सडपातळ, तापट, चपळ. छोट्या, वेगाच्या धावेत देवणी खिल्लारसमोर उभा राहणार नाही, हे इकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मग देवणीच्या धुरकऱ्याने काय करायचे? एकतर खिल्लार विकत आणायचा, नाहीतर देवणीला टोचून त्याच्या ताकदीपलीकडे पळवायचे. गोवंशानुसार आणि वयानुसार गट पाडले तर शर्यत अधिक चुरशीची होईल आणि टोचण्याचे कारणही कमी होईल. शर्यतीमुळे देशी गोवंश टिकतो, हा संयोजकांचा आवडता दावा मराठवाड्यात खरा ठरवायचा असेल तर देवणी आणि लालकंधारीला स्वतःचा गट हवा. कर्नाटक सीमेलगत ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुणवीचे बैल पळतात. तिथे थार नसते, कौतुक असते, आणि बैलाला अंगापेक्षा जास्त पळवण्याची गरजही कमी असते.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की, मोटारचालक स्वेच्छेने धोका पत्करतो, बैलाला विचारले जात नाही, म्हणून तुलनाच चुकीची. आक्षेप बरोबर आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. इंडियानापोलिसला चौदा चालक मैदान सोडून जाऊ शकले. बैलाला तो मार्ग नाही. त्याच्या वतीने ‘आज नाही’ म्हणणारा माणूस मैदानावर हवा, आणि तो संयोजकाच्या पैशावर अवलंबून नको. पशुवैद्यकाचा दाखला सकाळी एकदा घेऊन खिशात ठेवण्याऐवजी प्रत्येक फेरीआधी बैल पाहण्याचा आणि थांबवण्याचा अधिकार त्याला हवा. ज्यांना वाटते की कोणत्याही नियमाने शर्यत निर्दोष होणार नाही, त्यांच्याशी माझा वाद नाही. शर्यत कायदेशीर असेपर्यंत ती कशी चालावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मी हलका मानत नाही. अनामत, कठडे, रुग्णवाहिका, पशुवैद्य, चित्रण या साऱ्याचा बोजा लहान गावच्या यात्रा समितीला पेलत नाही. नियम जितके वाढतील तितकी शर्यत राजकीय पुढाऱ्यांच्या आणि बिल्डरांच्या हाती जाईल, ही भीती निराधार नाही. पुणे आणि सांगलीकडे ते घडताना दिसते आहे. पण खर्चाचा मोठा वाटा बक्षिसांचा असतो, बैलाच्या काळजीचा नव्हे. बक्षिसाच्या रकमेचा ठरावीक हिस्सा तालुक्याच्या पंच आणि पशुवैद्य निधीत भरण्याची सक्ती केली, तर जेसीबी ठेवणाऱ्याला जास्त भरावे लागेल आणि नारळ-फेटा देणाऱ्या गावाला जवळपास काहीच नाही. निलंगा, देवणी, औसा आणि शिरूर अनंतपाळ या चार तालुक्यांना मिळून एक पंचमंडळ पुरेल.

तंत्राची अडचण तर उरलेलीच नाही. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारी किरणांची घड्याळे आज मैदानावर आहेत. कॅमेरे आहेत, आकाशात ड्रोन आहेत, आणि बहुतेक मोठ्या शर्यती संध्याकाळपर्यंत यूट्यूबवर येतात. त्या चित्रणात कोणाच्या हातात काय होते ते अनेकदा स्पष्ट दिसते. खाली प्रेक्षक त्यावर लिहितातही. निकालाच्या पाटीवर मात्र नाव तेच राहते, कारण चित्रण पाहून निकाल बदलण्याचा अधिकार पंचाला कोणी दिलेला नाही, आणि पुढच्या हंगामाच्या परवानगीपत्रात ती अट घालायला जिल्हाधिकाऱ्यांना नव्या कायद्याची वाट पाहावी लागेल असे मला वाटत नाही.