कुंडीतला मेपल आणि त्याची थंडीतली झोप

मागच्या खेपेला आपण कुंडीतल्या कढीपत्त्याबद्दल बोललो. त्यानंतर एका ताईंचा फोन आला. त्यांनी मोबाइलवर फोटो बघून जपानी मेपलच्या बियांचं पाकीट मागवलं होतं. फोटोत लाल पानं, जांभळी पानं आणि चक्क निळी पानंसुद्धा! तीन महिने पाणी घातलं, पण एक अंकुर दिसला नाही. "माझं काय चुकलं हो?" असं त्या विचारत होत्या.

ताई, तुमच्या हाताला दोष देऊ नका. निळ्या पानांचा जपानी मेपल जगात कुठेच नसतो. लाल पानांचा असतो, पण तो आपल्या हवेत रमत नाही. का ते आज सांगते. तुमच्यापैकी कुणाची मुलं थंड मुलखात असतील, तर त्यांनाही याचा उपयोग होईल.

हे झाड मूळचं जपान-कोरियाकडचं. पान पंजासारखं, बहुधा 5 ते 7 बोटांचं. जपानी भाषेत त्याला 'काएदे' म्हणतात, म्हणजे मूळ अर्थानं बेडकाचा हात! पानं गळण्याआधी डोंगरच्या डोंगर लाल होतात आणि ते बघायला लोक मुद्दाम सहली काढतात. जमिनीत हे झाड 15-20 फूट सहज जातं. पण ठेंगण्या जातीही आहेत. 'शायना' लाल आणि दाट असते, साधारण 5-6 फुटांवर थांबते. 'कियोहिमे' हिरवी, उंच होण्यापेक्षा आडवी पसरणारी. 'शिशिगाशिरा'ची पानं कुरळी, सिंहाच्या आयाळीसारखी, आणि वाढ फार सावकाश. अशा जातींची कलमंच घ्यावी लागतात. बी पेरून आईसारखं रोप मिळेलच याची खात्री नसते.

आता माझीच चूक सांगते. माझी लेक अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिच्या बाळंतपणासाठी मी ऑक्टोबरात गेले, तेव्हा दारात कुंडीत लालबुंद मेपल होता. नव्या घरात तिनं हौसेनं आणलेलं ते पहिलं झाड. नोव्हेंबरात सगळी पानं गळली. डिसेंबरात बर्फ पडला. घरात आम्ही बाळाला दुपट्यात गुंडाळून बसलो होतो आणि ते उघडंबोडकं झाड बाहेर गारठत होतं. मला बघवेना. मी कुंडी उचलून आत, ऊबदार हॉलमध्ये आणली.

जानेवारीच्या अखेरीला नवी पानं फुटली. मी कौतुकानं सगळ्यांना फोन केले! पण पानं फिकट आणि लेचीपेची निघाली. मार्चमध्ये ती सुकली. मी परत आले आणि उन्हाळ्यात लेकीनं कळवलं, झाड गेलं. रोपवाटिकेतल्या माणसानं तिला सांगितलं, "तुम्ही त्याला झोपूच दिलं नाहीत."

पानं गळाली की हे झाड झोपतं. थंडीचे कित्येक आठवडे गेल्याशिवाय त्याच्या कळ्या धड जाग्या होत नाहीत. मी ऊब देऊन त्याला अर्ध्या झोपेतून उठवलं. घरात ऊन पुरेसं नाही, त्यामुळे मुळांत साठवलेलं अन्न त्या पानांवरच खर्च झालं.

मग कुंडी बर्फात तशीच ठेवायची का? तसंही नाही. जमिनीतल्या मुळांना मातीचं पांघरूण असतं, पण कुंडीला चारही बाजूंनी गारठा लागतो आणि मुळं फांद्यांपेक्षा नाजूक असतात. म्हणून पानं गळल्यावर कुंडी गॅरेजमध्ये ठेवावी, जिथे गारवा आहे पण हीटर नाही. गॅरेज नसेल तर भिंतीच्या आडोशाला ठेवून भोवती वाळका पाला दाबावा. माती पार कोरडी पडू द्यायची नाही, तीन-चार आठवड्यांनी थोडं पाणी पुरतं.

बाकीची काळजी सोपी आहे. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्यावी. कडक ऊन आणि कोरडा वारा लागला की पानांच्या कडा करपतात. कुंडीला भोकं हवीतच आणि माती भुसभुशीत हवी, कारण पाणी साचलं तर मुळं कुजतात. बोट मातीत खुपसून बघा, वरचा थर सुकला असेल तरच पाणी घाला. वर सालपटांचा दोन-तीन इंच थर द्या, पण तो खोडाला टेकू देऊ नका. खत वसंतात, तेही बेतानं. उन्हाळा सरताना दिलं तर कोवळी फूट येते आणि ती थंडीत जळते. दोन-तीन वर्षांनी, कळ्या उघडण्याआधी, कुंडी बदलावी. नवी कुंडी थोडीशीच मोठी असावी. झाड जमिनीत लावायचं असेल तर खोड खोल पुरू नका.

लेकीनं नंतर दुसरा मेपल आणला. दर हिवाळ्यात तो गॅरेजमध्ये जातो. त्या वर्षी जन्मलेली नात आता मोठी झाली आहे. व्हिडिओ कॉलवर मला ती दटावते, "आजी, हळू बोल, झाड झोपलंय."

आपल्याकडे पुण्या-साताऱ्याची थंडी पहाटेपुरती. दुपारी पुन्हा ऊन तापतं, आणि पुढे एप्रिल-मे आहेतच. त्यामुळे मेपलला ना झोप मिळते, ना सावलीचा गारवा. म्हणून ताई, बियांच्या पाकिटावर पुन्हा पैसे घालू नका. त्याच कुंडीत अकॅलिफा लावा. पानं तांबडी, फांदी खोचली तरी जगते आणि छाटली की दाट होते. आणि लाल पानांचं झाडच बघायचं असेल, तर उन्हाळ्याच्या तोंडाशी रानातल्या कोशिंबाकडे बघा. त्याची कोवळी पालवी इतकी लाल असते की लांबून फुलंच वाटतात.