खोक्यात खसखस नको

रत्नागिरी, चिपळूण, म्हसळ्याकडच्या कितीतरी घरांतून मुलगा-सून, कधी सगळं कुटुंबच दुबईला राहायला निघतं. विमानात मावत नाही ते सामान न्हावाशेवाहून जहाजाने जेबेल अलीला जातं. जहाजाचं भाडं व्यापलेल्या जागेवर, घनमीटरने लागतं. म्हणून गाद्या-उशा महाग पडतात, त्या तिथेच घ्याव्यात.

पण भाड्यापेक्षा मोठी काळजी मसाल्याची. आपल्याकडे वर्षाच्या मसाल्यात बऱ्याच घरी खसखस पडते. ती अफूच्या बोंडातून निघते, म्हणून अमिरातीत आणि सौदीतही तिला बंदी आहे. सामानात खसखस सापडल्याने माणसं तुरुंगात गेली आहेत. विड्याच्या पानालाही अमिरातीत मनाई आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा दुखण्यावरचं ट्रामाडोल न्यायचं तर तिथल्या सरकारी यंत्रणेची परवानगी आधी काढावी लागते. अब्बांच्या गोळ्यांचा डबा भरण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा, औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीत चिठ्ठी लिहून घ्या.

आणि शेजारची खाला येतेच, "माझ्या पोराला एवढं ने गं" म्हणत शिवलेली पिशवी घेऊन. नाही म्हणणं जड जातं. तरी पिशवी तिच्यासमोर उसवून पाहा, हसतमुखाने. खोकं तुमच्या नावावर जातं, तिच्या नाही.

खोक्यांना नंबर घाला आणि प्रत्येकाची यादी दोन प्रतींत करा. "किरकोळ सामान" असं मोघम लिहू नका. पातेली किती, चादरी किती, तेही लिहा. एक प्रत सोबतच्या पर्समध्ये असू द्या. मसाला मात्र खसखशीशिवाय वेगळा कुटून घ्या, आणि खलबत्ता आधी धुऊन.