बोक्याची लघवी तुंबली तर सकाळची वाट पाहू नका

मैत्रिणींनो, घरात कुणाचं काय बिनसलंय, ते सगळ्यांत आधी आपल्याला कळतं. मुलानं डबा तसाच परत आणला, सासूबाई रात्री दोनदा जास्त उठल्या, हे आपल्या नजरेतून सुटत नाही. मांजराच्या बाबतीत मात्र ही नजर फसते, कारण मांजर दुखणं लपवतं. ते गुपचूप कॉटखाली नाहीतर माळ्यावर जाऊन बसतं आणि आपण म्हणतो, ऊन फार झालंय, पडलं असेल गारव्याला! म्हणून त्याच्या दोन गोष्टींवर रोज लक्ष हवं. एक लघवी आणि दुसरं खाणं.

आधी लघवीचं बघू. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो. लघवीत बारीक खर धरली आणि तिच्यात चिकट स्राव मिसळला, की बाटलीला बूच बसावं तसा तो मार्ग बंद होतो. मूत्राशय फुगून टणक होतं, मूत्रपिंडं काम करीनाशी होतात, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो. लघवी पूर्ण तुंबलेला बोका एका दिवसातच गंभीर होतो आणि दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. मांजरीचा मार्ग रुंद असतो, त्यामुळे तिचं असं क्वचितच तुंबतं. पण जळजळ आणि लघवीतून रक्त हा त्रास तिलाही होतो.

ओळखायचं कसं? बोका वाळूच्या घमेल्यात पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, मागची बाजू सारखी चाटतो. कधी मोरीत, कधी चक्क फरशीवर दोन थेंब टाकतो. आपण त्याला रागावतो, पण तो खोडी काढत नसतो, त्याला दुखत असतं. आणि कुंथतोय म्हणजे पोट साफ होत नसेल, असं समजून पुष्कळजणी एरंडेल पाजतात. इथेच वेळ जातो.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या बोक्याचं असंच झालं. त्याचं काहीतरी चुकतंय हे वहिनींना रात्रीच जाणवलं होतं. पण मांजरासाठी कुठं डॉक्टर लागतो का, म्हणून घरात हसणं झालं आणि त्या गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी बोक्यानं उलट्या करून मान टाकली, तेव्हा धावाधाव सुरू झाली. डॉक्टरांनी भूल देऊन बारीक नळी घातली, लघवी मोकळी केली, सलाईन लावलं. बोका वाचला, पण थोडक्यात. खर्चही झाला आणि दवाखान्याच्या खेपाही. रात्रीच नेलं असतं तर दोन्ही कमी झालं असतं.

म्हणून रोज वाळू साफ करताना ओली ढेकळं किती आहेत, ते बघत जा. रोज दोन-तीन असतात आणि आज एकही नाही, वर बोका कुंथतोय, तर लगेच निघा. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटू शकतं. जवखार, बार्लीचं पाणी असलं काही बळेच पाजू नका. बाहेर जायला वाटच नाही, तिथं आत आणखी पाणी ओतून काय उपयोग?

आता खाण्याचं. आपण उपास केला तर बिघडत नाही, पण मांजराला उपास मानवत नाही. विशेषतः अंगानं भरलेलं मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही, तर शरीरातली चरबी यकृतात साचते आणि कावीळ होते. म्हणून पूर्ण एक दिवस तोंड लावलं नाही, तर डॉक्टरांना विचारा. कधी कारण साधं असतं. मांजर वासावर जेवतं, सर्दीनं नाक चोंदलं की अन्न नको म्हणतं. अशा वेळी खाणं किंचित कोमट करून द्या, वास सुटतो. पण दात, तोंडातले फोड, मूत्रपिंड, नाहीतर हीच तुंबलेली लघवीही मागे असू शकते. म्हातारं मांजर पाणी फार पिऊ लागलं, लघवीही फार करू लागलं आणि वाळत चाललं, तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची तपासणी करून घ्या.

घरातल्या गोळ्या मात्र अजिबात नकोत, हं! तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

मांजराचे पूर्वज वाळवंटातले. त्यांना तहान कमी लागते, पाणी ते भक्ष्यातून मिळवतात. उंदरात साधारण सत्तर टक्के पाणी असतं, तर विकतच्या कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. त्यात आपला परभणीचा मे महिना! चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पोटात जायला हवं, खाण्यातलं धरून. म्हणून कोरडे दाणे पाण्यात भिजवून द्या. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या चिकनचं पाणी द्या. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. घरात दोन-तीन ठिकाणी मातीच्या परळात ताजं पाणी ठेवा. नुसत्या दूधभातावर मांजर पोसलं जात नाही, आणि मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचतही नाही.

आणखी एक. तरुण मांजरांच्या अशा निम्म्याहून अधिक दुखण्यांत ना खडा सापडतो, ना जंतू. घरातला ताण हेच मोठं कारण असतं. पाहुण्यांची गर्दी, रंगकाम, नवं मांजर, दिवाळीचे फटाके. अशा दिवसांत त्याला एक शांत कोपरा द्या आणि वाळू स्वच्छ ठेवा. मेडिकलमधून मनानंच अँटिबायोटिक आणू नका.

आपल्याकडे ढोरांचा दवाखाना म्हणजे बैल, म्हशी आणि शेळ्या, अशी समजूत आहे. पण परभणीत १९७२पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आता ते नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली येतं. तिथल्या चिकित्सालयाची वेळ आणि फोन, शिवाय गावातल्या एखाद्या खाजगी पशुवैद्याचा नंबर आजच विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या मैत्रिणींनी तर नक्कीच, कारण अडचण येते ती रात्री. न्यायला झाकणाची, हवा खेळती राहील अशी टोपली आणि एक जुना टॉवेल पुरतो.

आणि घरात कुणी हसलं तर हसू दे. बोक्याला होतंय ते तुम्हाला दिसतंय, एवढं कारण पुरेसं आहे. रिक्षा बोलवा आणि निघा.