महायुद्धोत्तर काळांतील मराठवाड्याचे कागद

निजामी अमलाखालील मराठवाड्याचीं १९१८ ते १९४८ या तीस वर्षांतील फर्मानें, परिषदांचीं इतिवृत्तें व हस्तपत्रकें संग्राहकांच्या हातीं अधूनमधून येतात. शिवकालीन कागदांपुढें तीं अगदींच अर्वाचीन, म्हणून बहुधा रद्दींत जातात. वस्तुतः दोन महायुद्धांनंतर आशिया व आफ्रिका खंडांतील परतंत्र लोकांत जी राष्ट्रभावना बळावली, तिचा आपल्या प्रांतांतील पुरावा हाच होय. तो कसा वाचावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कालनिर्णय. हैदराबादचें फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं सुरू होई. फसली अंकांत ५९० मिळविले म्हणजे तें वर्ष ज्या इसवी सनांत सुरू झालें तो सन निघतो. यास्तव १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. अंक फाटून गेला असल्यास पदवी पाहावी. पहिल्या महायुद्धांत निजाम मीर उस्मान अली खान यांनीं इंग्रजांस पैसा व फौज पुरविली. त्याबद्दल जानेवारी १९१८ मध्यें त्यांस ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ व ‘ब्रिटिश सरकारचे विश्वासू दोस्त’ हे किताब मिळाले. ते कागदावर असतील तर कागद त्यापूर्वींचा नव्हे. ‘हैदराबाद व बेरारचे निजाम’ अशी पदवी असेल तर तो १९३६ च्या वऱ्हाडविषयक कराराच्या अलीकडचा समजावा.

योगायोग असा कीं, त्याच जानेवारींत अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनीं आपलीं चौदा कलमें जाहीर केलीं, आणि लवकरच स्वयंनिर्णयाची भाषा सर्वतोमुखीं झाली. १९१९ मध्यें झगलूल यांच्या अटकेवरून इजिप्त पेटला. त्याच वर्षीं पॅरिस येथें आफ्रिकी वंशाच्या प्रतिनिधींची परिषद भरली. हैदराबादेंत राजा व प्रजा दोघांनींही आपापली मागणी पुढें केली. निजामांनीं १९२३ मध्यें वऱ्हाड प्रांत परत मागितला. २७ मार्च १९२६ च्या पत्रानें लॉर्ड रीडिंग यांनीं नकार दिला व कोणताही संस्थानिक ब्रिटिश सरकाराशीं बरोबरीच्या नात्यानें वाटाघाट करूं शकत नाहीं, असें बजावलें. प्रजेस हवें होतें सभास्वातंत्र्य व जबाबदार राज्यपद्धति. संस्थानांत राजकीय सभांस मज्जाव असल्यानें हैदराबाद राजकीय परिषदेचीं अधिवेशनें काकिनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणें (१९२८) व अकोला (१९३१) येथें, म्हणजे हद्दीबाहेर, भरलीं. गांववार लावलेल्या संग्रहांत त्यांचे कागद त्या त्या शहराच्या गठ्ठ्यांत दडून राहतात. मराठवाड्याच्या शोधकानें तेथेंही पाहिलें पाहिजे.

१९३८ मध्यें स्टेट काँग्रेसवर जन्मापूर्वींच बंदी आली, व औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजांत ‘वंदे मातरम्’वरून विद्यार्थ्यांचा लढा झाला. दुसऱ्या महायुद्धांतही निजामांची फौज इंग्रजांच्या बाजूनें लढली. डिसेंबर १९४१ मध्यें मलायांतील कोटा भारू येथें हैदराबादची पलटण होती. युद्ध संपतांच चित्र पालटलें. ऑक्टोबर १९४५ मध्यें मँचेस्टर येथें आफ्रिकी पुढाऱ्यांनीं स्वराज्याची उघड मागणी केली; जुलै १९४६ मध्यें स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली.

यापुढील कागदांत एक शब्द फार जपून वाचावा लागतो. तो म्हणजे ‘आझादी’ अथवा ‘स्वातंत्र्य’. जून १९४७ च्या फर्मानांत इंग्रज गेल्यावर स्वतंत्र सत्ताधीश होण्याचा हक्क निजामांनीं सांगितला. रझाकारांचें ‘आझाद हैदराबाद’ तें हेंच. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं ७ ऑगस्ट १९४७ पासून जो लढा चालला, त्यांत मात्र स्वातंत्र्य म्हणजे भारतांत विलीनीकरण व लोकसत्ता. सारांश, महायुद्धानें प्रचारांत आणलेल्या एकाच भाषेवर सिंहासन व प्रजा या दोघांनीं हक्क सांगितला. निजामांनीं आपलें गाऱ्हाणें नव्या संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत नेलें. सुरक्षा समितीनें पॅरिस येथें १६ सप्टेंबर १९४८ रोजीं तें विचारास घेतलें; भारतीय सेना औरंगाबादेंत आदल्याच दिवशीं शिरली होती.

दरबारी कागदांस सरकारी अभिलेखागारांचा आसरा मिळाला. प्रजेचीं पत्रकें हलक्या कागदावरचीं व खासगी पेट्यांत पडलेलीं. तीं नाहींशीं झाल्यास स्वातंत्र्याचा दरबारी अर्थ तेवढा मागें उरेल. यास्तव छत्रपती संभाजीनगर व आसपासच्या जिल्ह्यांतील संग्राहकांनीं असा कागद मिळतांच त्यावरील फसली अंक, पदवी व मुद्रणस्थळ टिपून ठेवावें, आणि त्यांतील स्वातंत्र्य कोणाचें, हें पाहावें, अशी आमची विनंति आहे.